प्रोग्राम कचेरीत, पडदा घरी

मार्चअखेर जवळ आली की शाळा-महाविद्यालयांच्या कचेऱ्यांत जमाखर्चाची धांदल सुरू होते. आमच्या ओळखीच्या एका शिक्षणसंस्थेत काही वर्षांपूर्वी या धांदलीत एक वेगळाच पेच पडला. संस्थेचा सारा हिशेब टॅलीमध्ये. टॅली हे बंगळूरच्या कंपनीचे सॉफ्टवेअर चालते विंडोजवर, आणि कचेरीतल्या कारकुनांच्या संगणकावर विंडोज होते. पण त्या वर्षी खजिनदार म्हणून निवडून आलेल्या बाईंकडे घरी ॲपलचा मॅक होता. हिशेब तपासनीस दुसऱ्या गावचे, त्यांच्याकडेही मॅकच. दोघांनीही आम्हाला एकच प्रश्न विचारला : "मॅकवर टॅली कशी टाकायची?"

आमचे उत्तर त्यांना थोडे विचित्र वाटले. टॅली मॅकवर टाकायचीच नाही. ती कचेरीतच राहू द्यायची आणि तिचा पडदा तेवढा मॅकवर आणायचा. हे कसे साधते, त्यात तारेतून नेमके काय जाते आणि धोका कुठे असतो, ते या लेखात पाहू. ज्या धंद्यांचे, दवाखान्यांचे किंवा छापखान्यांचे एखादे जुने सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालते, त्या सर्वांना हीच गोष्ट लागू पडते.

मॅकवर का चालत नाही?

संगणकाच्या प्रोसेसरला ठरावीक आज्ञाच समजतात. "या दोन संख्यांची बेरीज कर", "ही संख्या तिथे ठेव" अशा अगदी बारीकसारीक आज्ञांची ती यादी असते, आणि प्रत्येक जातीच्या प्रोसेसरची यादी वेगळी. प्रोग्राम म्हणजे अशा लाखो आज्ञांची माळ. एका यादीतल्या आज्ञांनी लिहिलेली माळ दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरला कळत नाही.

पण एवढेच कारण असते, तर २००६ मध्ये हा प्रश्न सुटला असता. मॅकमध्ये १९८४ साली मोटोरोलाचा प्रोसेसर होता आणि १९९४ पासून पॉवरपीसी. २००६ पासून मात्र मॅकमध्येही इंटेलचाच प्रोसेसर येऊ लागला, म्हणजे विंडोजच्या संगणकांत असतो त्याच जातीचा. तरीही विंडोजचा प्रोग्राम मॅकवर जसाच्या तसा चालेना. का बरे?

कारण प्रोग्राम सगळी कामे स्वतः करत नाही. पडद्यावर चौकट काढणे, फाइल उघडणे, छापायला पाठवणे ही कामे तो ऑपरेटिंग सिस्टिमकडून करून घेतो. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा कारभारी. विंडोजच्या कारभाऱ्याला काम सांगण्याची रीत एक, मॅकच्या कारभाऱ्याची दुसरी. मराठी वाचता येणाऱ्या मुलापुढे नेपाळी पुस्तक ठेवून पाहा. लिपी देवनागरीच असल्याने तो घडाघडा वाचेल, पण अर्थ लागणार नाही. इंटेलच्या मॅकपुढे विंडोजच्या प्रोग्रामची अवस्था तशीच होती. नोव्हेंबर २०२० पासून ॲपलने मॅकमध्ये स्वतःचे, एआरएम पद्धतीचे प्रोसेसर बसवायला सुरुवात केली. म्हणजे आता भाषाही वेगळी आणि लिपीही वेगळी.

इतर वाटा, आणि त्यांतली अडचण

मॅकवर विंडोजचे प्रोग्राम चालवण्याच्या काही वाटा आहेत. इंटेलच्या मॅकवर एकाच यंत्रात दोन्ही कारभारी ठेवून सुरू करताना एकाला निवडता येत असे. बूट कॅम्प नावाची ही सोय ॲपलच्या नव्या प्रोसेसरवर नाही. दुसरी वाट म्हणजे मॅकच्या आत एक लटका संगणक उभा करून त्यात विंडोज चालवणे. तिसरी, विंडोजच्या भाषेतले निरोप मॅकच्या कारभाऱ्याला समजतील असे बदलून देणारा दुभाषी बसवणे. वाइन हा असा दुभाषी तयार करण्याचे काम १९९३ पासून चालू आहे.

या वाटांनी प्रोग्राम मॅकवर येतो, हे खरे. पण संस्थेची गरज वेगळी होती. बाईंच्या मॅकवर एक टॅली, तपासनीसांच्या मॅकवर दुसरी आणि कारकुनांकडे तिसरी, अशी व्यवस्था झाली असती तर हिशेबाच्या वह्याही तीन झाल्या असत्या. सोमवारी कारकुनांनी फीची पावती नोंदवली, मंगळवारी बाईंनी आपल्या प्रतीत दुरुस्ती केली, तर खरी वही कोणती? हिशेबाची वही एकच असावी लागते. तेव्हा प्रोग्राम मॅकपर्यंत नेण्यापेक्षा माणसाला एका वहीपर्यंत नेणे सोयीचे.

कल्पना तशी जुनी

संगणक एका जागी आणि त्याला वापरणारे दुसऱ्या जागी, ही कल्पना विंडोज आणि मॅक या दोघांपेक्षाही जुनी आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९६१ साली एकाच मोठ्या संगणकावर अनेकांनी आपापल्या टंकयंत्रावरून काम करण्याची पद्धत दाखवली गेली. संगणक प्रत्येकाला आपल्या वेळातला अगदी छोटा तुकडा देई आणि तो इतक्या झपाट्याने फिरे, की प्रत्येकाला वाटावे संगणक आपलाच आहे. रेल्वेच्या आरक्षणाच्या खिडकीवरही आपण हेच पाहतो. खिडकीवरच्या कारकुनापुढे असतो तो फक्त पडदा आणि कळफलक. जागांची यादी असते दूरच्या मोठ्या संगणकात. म्हणून तर एकच बर्थ दोन गावच्या दोन खिडक्यांवरून विकला जात नाही. तिथेही वही एकच.

विंडोज मात्र "एक माणूस, एक संगणक" या समजुतीवर वाढले. त्यात अनेक माणसांना दुरून शिरकाव देण्याचे काम आधी सिट्रिक्स या कंपनीने केले. तिचे विनफ्रेम हे सॉफ्टवेअर १९९५ साली आले. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःच विंडोज एनटीची 'टर्मिनल सर्व्हर' आवृत्ती काढली. तिच्याबरोबर पडदा आणि कळा यांची देवाणघेवाण करण्याची एक ठरावीक बोली आली. तिचे नाव आरडीपी, म्हणजे रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉल. ही बोली बोलणारा प्रोग्राम मॅकवर असला की काम झाले. मायक्रोसॉफ्टने मॅकसाठी असा प्रोग्राम २००२ साली दिला. सप्टेंबर २०२४ पासून त्याचे नाव 'विंडोज ॲप' असे आहे.

तारेतून काय जाते?

आता मुख्य प्रश्न. कचेरीतल्या संगणकाचा पडदा बाईंच्या घरी कसा पोचतो? सरळ उत्तर असे, की पडद्याचे चित्र सतत पाठवत राहायचे. ते जमेल का, याचा हिशेब करू.

नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार २०,७३,६००. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला ३ बाइट लागतात, म्हणजे एका चित्राला ६२,२०,८०० बाइट. सेकंदाला ३० चित्रे पाठवायची तर १८,६६,२४,००० बाइट, आणि एका बाइटमध्ये ८ बिट म्हणून १,४९,२९,९२,००० बिट. सेकंदाला सुमारे १४९ कोटी बिट! घरी इंटरनेटची जोडणी सेकंदाला १० कोटी बिटांची असली, तरी हे चित्र तिच्यात मावायचे नाही.

आरडीपी इथे युक्ती करते. टॅलीच्या पडद्याकडे पाहा. आकडा टाइप करताना बदलतो तो एका छोट्या चौकोनातला भाग. बाकीचा पडदा जसाच्या तसा. मग बदललेला तुकडाच पाठवायचा. दुसरी युक्ती, एकदा पाठवलेले चित्र मॅकने जपून ठेवायचे. 'अ' हे अक्षर किंवा बटणाचे चित्र पुन्हा लागले, की "तुझ्याकडचे सतरावे चित्र इथे लाव" एवढा निरोप पुरतो. तिसरी युक्ती दाबण्याची. सलग पांढरे दोनशे ठिपके असतील तर "पांढरा" असे दोनशे वेळा न म्हणता "पांढरे, दोनशे" असे म्हणायचे. या सर्वांमुळे हिशेबाच्या साध्या पडद्याला फारच थोडी जागा लागते. चलत्चित्र पाहायचे झाले तर मात्र साराच पडदा सतत बदलतो आणि या युक्त्यांचा जोर ओसरतो.

उलट दिशेने, म्हणजे मॅककडून कचेरीकडे, जाते ते याहूनही थोडे : कोणती कळ दाबली, कोणती सोडली, माउस कुठे नेला. बाईंच्या मॅकवर ना टॅली असते, ना हिशेबाची वही. जोडणी मध्येच तुटली तरी कचेरीतला प्रोग्राम चालूच राहतो आणि पुन्हा जोडले की अर्धवट लिहिलेली नोंद तशीच समोर येते. कचेरीतली वीज गेली, तर मात्र घरच्या मॅकचा काही उपयोग नाही.

वर्गात करून पाहा

दोन विद्यार्थ्यांना पाठीला पाठ लावून बसवा. दोघांकडे १० × १० चौकोनांचा कागद द्या. पहिल्याने काही चौकोन काळे करून एक साधी आकृती काढावी आणि शंभरही चौकोन "काळा, पांढरा, पांढरा..." असे सांगावेत. दुसऱ्याने ऐकून आकृती काढावी. किती शब्द लागले? आता पहिल्याने आकृतीत तीनच चौकोन बदलावेत आणि फक्त तेवढेच, त्यांच्या जागेसह, सांगावेत. मग "पहिली ओळ सगळी पांढरी" अशी थोडक्यात सांगण्याची परवानगी द्या. प्रत्येक वेळचे शब्द फळ्यावर मांडा. आरडीपीच्या युक्त्या मुले स्वतःच शोधून काढतील, असा आमचा अनुभव आहे.

नळाची रुंदी आणि नळाची लांबी

दुरून काम करताना पडदा "अडखळतो" अशी तक्रार नेहमी ऐकू येते. लोक मग जास्त वेगाची जोडणी घेतात, आणि पुष्कळदा फरक पडत नाही. कारण इथे दोन गोष्टींची गल्लत होते. सेकंदाला किती बिट जातात ही झाली नळाची रुंदी. एक बिट जाऊन उत्तर परत यायला किती वेळ लागतो, ही झाली नळाची लांबी.

काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई आणि नागपूर यांच्यात सरळ रेषेत ७०० किलोमीटर धरले, तर जाऊन येऊन १४०० किलोमीटर होतात आणि त्याला एका सेकंदाचा हजारावा भाग सात वेळा, म्हणजे ७ मिलिसेकंद लागतात. आता संगणक अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आहे असे समजा. अंतर सुमारे १३,००० किलोमीटर, जाऊन येऊन २६,०००. भागाकार केला तर १३० मिलिसेकंद. हा झाला सरळ रेषेचा हिशेब. खरी तार वळणे घेत जाते आणि वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर थोडा वेळ मोडतो, म्हणून प्रत्यक्षात याहून जास्तच लागतो. कळ दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंत दशांश सेकंदाच्या आत वेळ गेला तर माणसाला तो फारसा जाणवत नाही. त्यापलीकडे गेला की हात अडखळू लागतो. नळ कितीही रुंद घेतला तरी प्रकाशाचा वेग वाढत नाही. म्हणून दूरचा संगणक भाड्याने घ्यायचा असेल, तर तो कोणत्या गावी ठेवला आहे हे आधी विचारावे. हा वेळ मोजायला 'पिंग' ही आज्ञा विंडोज आणि मॅक दोन्हींवर असते. वरिष्ठ विद्यार्थ्यांना ती जरूर वापरू द्या.

कळफलकाची गंमत

सारे जोडून झाल्यावर पहिल्याच संध्याकाळी बाईंचा फोन आला. "अहो, विक्रीची नोंद करायला एफ-आठ दाबलं, तर गाणं वाजायला लागलं!"

टॅलीचा कारभार वरच्या ओळीतल्या कळांवर चालतो. एफ-५ म्हणजे खर्चाची नोंद, एफ-६ जमेची, एफ-८ विक्रीची, एफ-९ खरेदीची. पण मॅकच्या लॅपटॉपवर याच कळांना दुसरे काम नेमून दिलेले असते : उजेड कमी-जास्त करणे, आवाज वाढवणे, गाणे सुरू करणे. कळ दाबली की ती आधी मॅकच्या कारभाऱ्याकडे जाते, आणि तो ती वाटेतच ठेवून घेतो. उपाय सोपा आहे. 'एफएन' ही कळ धरून ठेवून एफ-८ दाबायचे, किंवा मॅकच्या मांडणीत या कळांचे काम कायमचे बदलून घ्यायचे. विंडोजच्या 'ऑल्ट'साठी मॅकवर 'ऑप्शन' वापरायची. छपाईचेही असेच. प्रोग्राम कचेरीत चालतो म्हणून कागद कचेरीतल्या प्रिंटरमधून निघतो. घरी हवा असेल, तर घरचा प्रिंटर किंवा मॅकवरचा एखादा फोल्डर जोडणीतून पलीकडे दाखवावा लागतो.

किती माणसे, कोणता परवाना?

विंडोजच्या 'होम' आवृत्तीत दुरून शिरण्याची ही सोय नाही. 'प्रो' आवृत्ती लागते. तिच्यातही एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. बाई दुरून शिरल्या, की कचेरीतला पडदा कुलूपबंद होतो. एकाच वेळी अनेकांना काम करायचे असेल तर विंडोज सर्व्हर हवा, आणि दुरून येणाऱ्या प्रत्येक माणसाचा किंवा यंत्राचा वेगळा परवाना हवा. टॅलीचाही एकट्याचा परवाना वेगळा आणि अनेकांचा वेगळा. दुरून वापरले म्हणून परवाना लागत नाही, हा समज चुकीचा आहे.

आमच्या संस्थेत कारकून अकरा ते पाच काम करत, बाई रात्री आठनंतर, आणि तपासनीस वर्षातून काही दिवस. एका वेळी एकच माणूस. मग सर्व्हरचा खर्च कशाला? कचेरीतला तोच संगणक रात्री चालू ठेवायचे ठरले. त्याला यूपीएस दिला, झोपी जाण्याची त्याची सवय बंद केली आणि वीज परत आली की तो आपोआप सुरू होईल अशी मांडणी केली. (नुसते अहवाल पाहायचे असतील तर ते ब्राउझरमध्ये दाखवण्याची सोय टॅलीतही आहे.)

दार उघडे टाकू नका

आता या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा भाग. जोडणी करून देणाऱ्या गृहस्थांनी घाईघाईत राउटरमध्ये ३३८९ क्रमांकाचे दार इंटरनेटकडे सरळ उघडून ठेवले होते. आरडीपी याच क्रमांकावर निरोपाची वाट पाहते. काम सुरू झाले, सगळे खूश. महिन्याभराने आम्ही त्या संगणकाची नोंदवही उघडली, तर फसलेल्या प्रवेशांची पानेच्या पाने भरलेली! 'ॲडमिन', 'टेस्ट', 'अकाउंट्स' अशी नावे घेऊन कोणीतरी रात्रंदिवस दार ठोठावत होते.

"आमच्या एवढ्याशा संस्थेचा पत्ता कोणाला लागला?" असे कारकुनांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. पण चोर पत्ता शोधत येत नाही, तो सारी दारे ठोठावत जातो. इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे सगळे पत्ते मिळून सुमारे ४३० कोटी होतात. २०१३ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 'झेडमॅप' हे साधन तयार केले. एका संगणकावरून आणि एका वेगवान जोडणीवरून ४५ मिनिटांच्या आत या सर्व पत्त्यांवरचे एक दार तपासता येते, हे त्यांनी दाखवले. तेव्हा लहान असणे म्हणजे लपलेले असणे नव्हे.

मग सांकेतिक शब्दाचे काय? इंग्रजीतल्या सहा लहान अक्षरांच्या एकूण जुळण्या २६ चा सहावा घात, म्हणजे ३०,८९,१५,७७६. सेकंदाला १० प्रयत्न केले तरी सगळ्या संपायला जवळजवळ वर्ष लागेल. पण चोर साऱ्या जुळण्या करत बसत नाही. लोक नेहमी ठेवतात त्या शब्दांची यादी त्याच्याकडे असते. शाळेचे नाव आणि पुढे १२३ असा शब्द असेल, तर वर्षाची गरज नाही. शिवाय कधी कधी शब्दही लागत नाही. मे २०१९ मध्ये विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांतल्या याच सोयीत 'ब्लूकीप' नावाची खोट जाहीर झाली. तिच्यामुळे सांकेतिक शब्दाशिवाय आत शिरता येत होते. ती इतकी गंभीर होती, की २०१४ पासून सांभाळ बंद केलेल्या विंडोज एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली.

आत शिरलेला चोर बहुधा पैसे उचलत नाही. तो हिशेबाच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागतो. फीच्या नोंदी आणि वेतनाचे हिशेब एका रात्रीत वाचता न येण्याजोगे होतात. आमच्या संस्थेत तसे झाले नाही, पण ते आमच्या हुशारीने नव्हे. दैव बलवत्तर म्हणायचे.

ते दार आम्ही त्याच दुपारी बंद केले. त्याऐवजी व्हीपीएन बसवले, म्हणजे आधी संस्थेच्या खाजगी बोगद्यात ओळख पटवून शिरायचे आणि मगच आतल्या संगणकाचे दार दिसायचे. बाहेरून ठोठावणाऱ्याला ३३८९ दिसतच नाही. मोठ्या ठिकाणी याच कामासाठी देवडीसारखा एक मधला संगणक ठेवतात, त्याला आरडी गेटवे म्हणतात. जोडीला आणखी चार गोष्टी केल्या : लांब सांकेतिक शब्द आणि शिवाय मोबाइलवर येणारी दुसरी खूण, काही चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते आपोआप बंद, विंडोजच्या दुरुस्त्या वेळेवर, आणि दर शनिवारी हिशेबाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात. ही शेवटची गोष्ट फुकटात होते, आणि बाकी सारे फसले तर कामी येते तीच.

बाई अजूनही मॅकवरच काम करतात. एफ-आठ दाबल्यावर आता गाणे लागत नाही. आपल्या शाळेत किंवा संस्थेत कोणी दुरून हिशेब पाहत असेल, तर जोडणी करून देणाऱ्याला एकच प्रश्न विचारा : "३३८९ चे दार बाहेरून दिसते का?" उत्तर "हो" आले, किंवा समोरचा नुसता पाहत राहिला, तर त्याच दिवशी ते दार बंद करून घ्या. घरून हिशेब पाहण्याची सोय दोन दिवस नसली तरी कोणाचे काही अडत नाही.